लघवीच्या अहवालातील पू पेशी : अर्थ, गैरसमज आणि दक्षता

लघवीची तपासणी ही वैद्यकशास्त्रातील अत्यंत जुनी आणि आजही सर्वांत स्वस्त असलेली तपासणी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून महानगरातील मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत ती सर्वत्र होते. अहवालाचा कागद हाती आला की त्यातील रंग, आम्लता, विशिष्ट गुरुत्व यांच्या ओळींवरून आपली नजर सहज पुढे सरकते. पण एका ओळीपाशी ती हमखास थबकते. ती ओळ ‘पस सेल्स’ म्हणजेच पू पेशींची. तिच्यासमोर ‘८ ते १०’ किंवा ‘२० ते २५’ असा आकडा दिसला की घरात काळजीचे वातावरण पसरते. ‘पू’ हा शब्दच मुळी धास्तावणारा आहे.

अशा वेळी सर्वसाधारणपणे तीनपैकी एक गोष्ट घडते. काही जण तो कागद घेऊन थेट औषधाच्या दुकानात जातात आणि चार-सहा गोळ्या घेऊन येतात. काही जण कागदाची घडी करून पेटीत ठेवतात आणि दुखणे अंगावर काढतात. काही जण मूत्रपिंडच निकामी झाले असे समजून झोप गमावून बसतात. या तिन्ही वाटांवर नुकसानच आहे. पहिल्या वाटेने नको ते औषध पोटात जाते, दुसरीने खरा आजार बळावतो आणि तिसरीने माणूस विनाकारण खचतो. म्हणून हा आकडा आपल्याला काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे प्रत्येक पालकाने व प्रत्येक सुज्ञ नागरिकाने समजून घेणे आवश्यक आहे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

पू पेशी म्हणजे कोण?

ज्यांना अहवालात पू पेशी म्हटलेले असते, त्या मूलतः आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीच होत. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पेशी ‘न्यूट्रोफिल’ या प्रकारच्या असतात. शरीरात कोठेही जंतू शिरले किंवा इजा झाली, की या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, त्या जागी धाव घेतात आणि जंतूंना गिळून नष्ट करतात. या कामी त्या स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि त्या जागचा द्रव यांचे मिश्रण म्हणजे पू. गळवातून येतो तो हाच.

पेशी जंतूंना गिळतात हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते सिद्ध होण्यास १८८२ साल उजाडावे लागले. रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे बारीक काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. शरीर परक्या वस्तूचा स्वतःहून प्रतिकार करते, हे त्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. पुढे १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगात आपल्या विषयाचे सार आहे. तारामाशाच्या अळीत जंतू नव्हते, काटा होता; तरीही पेशी जमल्या. म्हणजेच पांढऱ्या पेशींची गर्दी ‘येथे काहीतरी बिघडले आहे’ एवढेच सांगते. बिघाड जंतूंमुळे झाला, खड्यामुळे झाला की आणखी कशामुळे, हे ती सांगत नाही. पू पेशी ही खूण आहे. रोगाचे नाव त्यानंतर शोधावे लागते.

या पेशी लघवीत येतात कोठून?

आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतांश पाणी व उपयुक्त घटक शरीर परत घेते आणि सुमारे दीड लिटर लघवी तयार होते. ही लघवी मूत्रवाहिन्यांमधून मूत्राशयात साठते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या निरोगी गाळणीतून रक्तपेशी सहसा पलीकडे जात नाहीत. तरीही या संपूर्ण मार्गाच्या अस्तरातून दोन-चार पांढऱ्या पेशी निसटून लघवीत येतच असतात. त्यामुळे निरोगी माणसाच्या अहवालातही ‘१ ते २’ किंवा ‘२ ते ४’ असे आकडे दिसतात. ते स्वाभाविक आहे. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय, मूत्रमार्ग किंवा पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथी यांपैकी कोठेही दाह झाला, की ही संख्या वाढते.

आकडा कसा मोजतात?

प्रयोगशाळेत दहा-बारा मिलिलिटर लघवी नळीत घेऊन ती यंत्रात वेगाने फिरवतात. त्यामुळे जड घटक तळाशी बसतात. वरची लघवी ओतून टाकून तळाच्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ४०० पट मोठा करून पाहतात. एका वेळी डोळ्यांना दिसणाऱ्या वर्तुळाला ‘हाय पॉवर फील्ड’ म्हणतात. अहवालातील ‘एच.पी.एफ.’ ही अक्षरे त्याचीच होत. अशा अनेक वर्तुळांमध्ये सरासरी किती पेशी दिसल्या, तो आकडा लिहितात. बहुतेक प्रयोगशाळा पाचपर्यंतचा आकडा प्राकृत मानतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली, हा आकडा अंदाजी असतो. लघवी किती घेतली, ती किती वेळ फिरवली, माणूस किती पाणी प्यालेला होता, यांवर तो थोडाफार बदलतो. म्हणून सकाळी ‘४ ते ५’ आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत सायंकाळी ‘६ ते ८’ आल्यास आजार दुप्पट झाला असे समजू नये. दुसरी, आकड्यापेक्षा शेजारच्या ओळी अधिक बोलक्या असतात. पू पेशींसोबत तांबड्या पेशी आहेत काय? प्रथिन, म्हणजे अहवालातील ‘प्रोटीन’ किंवा ‘अल्ब्युमिन’, आहे काय? साखर आहे काय? पेशींचे नळीच्या आकाराचे साचे, ज्यांना ‘कास्ट’ म्हणतात, ते दिसले काय? पांढऱ्या पेशींचे साचे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्येच तयार होत असल्याने, ते दिसल्यास दाह थेट मूत्रपिंडात आहे असे डॉक्टर ताडतात.

हल्ली अनेक ठिकाणी रंग बदलणाऱ्या पट्टीनेही तपासणी होते. तीवरील एक चौकोन पांढऱ्या पेशींतील ‘ल्युकोसाइट एस्टरेज’ हे विकर ओळखतो. दुसरा चौकोन ‘नायट्राइट’ ओळखतो. काही जंतू लघवीतील नायट्रेटचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असावी लागते. शिवाय सर्वच जंतू हे रूपांतर करीत नाहीत. त्यामुळे नायट्राइट आढळले तर जंतूंचा संशय बळावतो. आढळले नाही म्हणून जंतू नाहीतच असे म्हणता येत नाही.

नमुना चुकला की अहवाल चुकतो

आपल्याकडील कित्येक ‘वाढलेल्या’ पू पेशी आजारातून आलेल्या नसून नमुना घेण्याच्या पद्धतीतून आलेल्या असतात. घरातील खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळून तीत लघवी नेणे ही खेड्यापाड्यांत आजही दिसणारी गोष्ट आहे. अशा बाटलीत औषधाचा अंश राहतो आणि बाहेरचे जंतूही असतात. प्रयोगशाळेने दिलेली स्वच्छ डबीच वापरावी.

नमुना देण्यापूर्वी हात धुवावेत. जननेंद्रियाची बाहेरची जागा साध्या पाण्याने धुऊन घ्यावी. स्त्रियांनी पुढून मागे या दिशेने. लघवीची सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. डबीच्या आतील बाजूस बोट लागू देऊ नये. मासिक पाळी सुरू असल्यास किंवा अंगावर पांढरे जात असल्यास ते न संकोचता तंत्रज्ञांना सांगावे, कारण त्या स्रावातील पेशी नमुन्यात मिसळतात. अहवालात ‘एपिथेलियल सेल्स’ म्हणजे त्वचेच्या व अस्तराच्या पेशी भरपूर लिहिल्या असतील, तर नमुना बाहेरून दूषित झाल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी औषध सुरू करण्यापेक्षा नमुना पुन्हा देणे शहाणपणाचे.

नमुना दोन तासांच्या आत तपासला जावा. उन्हाळ्यात एस.टी.च्या प्रवासात तीन-चार तास पिशवीत राहिलेल्या लघवीत जंतू झपाट्याने वाढतात आणि पेशी मात्र विरघळू लागतात. म्हणून लघवी घरून नेण्यापेक्षा प्रयोगशाळेत जाऊनच द्यावी.

सर्वांत नेहमीचे कारण : जंतुसंसर्ग

नमुना योग्य असेल, पू पेशी वाढलेल्या असतील आणि सोबत त्रासही असेल, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे सर्वांत संभाव्य कारण होय. लघवीला जळजळ होणे, वारंवार व घाईने जावे लागणे, थेंब-थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ होणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि धण्याचे पाणी किंवा सब्जा देऊन वाट पाहतात. उन्हात पाणी कमी पडल्याने झालेली साधी जळजळ पाणी प्यायल्याने थांबते, हे खरे. परंतु दोन दिवसांत ती थांबली नाही, किंवा सोबत ताप आला, तर ती केवळ उष्णता नव्हे.

हा संसर्ग करणाऱ्या जंतूंपैकी बहुसंख्य ‘ई. कोलाय’ या जातीचे असतात. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये या जंतूचे वर्णन केले. तो आपल्या आतड्यात एरवी सुखाने नांदत असतो; मूत्रमार्गात शिरला की उपद्रव करतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषांचा सुमारे वीस सेंटिमीटर असतो. स्त्रियांमध्ये हे अंतर कमी आणि गुदद्वार जवळ, म्हणून जंतूंना मूत्राशय गाठणे सोपे जाते. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. याचा चारित्र्याशी किंवा अस्वच्छ राहणीशी संबंध जोडून मुलींना ओशाळवाणे करणे अन्यायाचे आहे. शरीररचनाच तशी आहे.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तोवर उपचार सोपे असतात. तो वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला, की थंडी वाजून ताप येतो, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखते, उलट्या होतात. ही स्थिती गंभीर असून तेथे एक दिवसही दवडू नये.

नेमका कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे ठरवण्यासाठी जंतुसंवर्धन तपासणी करतात. तिला सर्वजण ‘कल्चर’ म्हणतात. लघवीतील जंतू पोषक माध्यमावर वाढवून पाहण्यास एक ते दोन दिवस, आणि औषधांची चाचणी घेण्यास आणखी थोडा वेळ लागतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतील बोस्टन येथे एडवर्ड कास यांनी एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा त्याहून अधिक जंतू असल्यास तो खरा संसर्ग मानावा, असा निकष मांडला. तो आजही आधारभूत आहे. मात्र स्पष्ट लक्षणे असलेल्या रुग्णात याहून कमी संख्याही महत्त्वाची ठरते. कल्चरसाठी नमुना प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी द्यायचा असतो. दोन गोळ्या घेऊन झाल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि तपासणीचा खर्च वाया जातो.

पेशी आहेत, पण जंतू नाहीत

कधी असे होते की पू पेशी भरपूर असतात, पण कल्चरमध्ये ‘जंतू वाढले नाहीत’ असा शेरा येतो. या अवस्थेकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण येथेच सर्वाधिक चुका होतात.

साधी कारणे आधी पाहू. नुकतेच घेतलेले प्रतिजैविक हे त्यांतील पहिले. मूतखडा हे दुसरे. खडा अस्तराला घासतो, दाह होतो आणि तांबड्या पेशींसोबत पांढऱ्या पेशीही येतात. सारख्या घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडाच्या ऊतींचा दाह होऊन पू पेशी दिसू शकतात. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून गोळ्या आणणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत हे विचारायलाच हवे. लैंगिक संबंधांतून पसरणारे काही जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. तशी शंका असल्यास पती-पत्नी दोघांनीही तपासणी व उपचार घ्यावे लागतात.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. पोटाच्या उजव्या बाजूस खाली दुखत असेल, उलटी होत असेल आणि लघवीत थोड्या पू पेशी आढळल्या, तर ‘लघवीचा त्रास’ म्हणून थांबू नये. सुजलेले आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशयाला टेकलेले असेल तर त्या दाहामुळेही लघवीत पेशी येतात. या गफलतीत गेलेले काही तास महाग पडू शकतात.

तसेच वसतिगृहात खरूज पसरते, खाजवून ती पिकते किंवा मुलांना घशाचा संसर्ग होतो. विशिष्ट प्रकारच्या जंतूंनी झालेल्या अशा संसर्गानंतर, घशाच्या बाबतीत एक ते तीन व त्वचेच्या बाबतीत तीन ते सहा आठवड्यांनी, काही मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज येते. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी कमी आणि चहाच्या रंगाची होते, रक्तदाब वाढतो. अशा अहवालात पांढऱ्या पेशींसोबत तांबड्या पेशी आणि प्रथिनही असते. येथे लघवीच्या संसर्गाचे नेहमीचे औषध देऊन भागत नाही. मुलाला तातडीने डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब तपासावा लागतो. खरजेसारख्या ‘क्षुल्लक’ वाटणाऱ्या दुखण्यावर वेळीच उपचार करण्याचे महत्त्व यातून पटावे.

आता सर्वांत महत्त्वाचे कारण, मूत्रसंस्थेचा क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत असते. परंतु फुप्फुसातील क्षयजंतू रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचून तेथे अनेक वर्षे निपचित राहू शकतात आणि नंतर डोके वर काढतात. वारंवार लघवीला जावे लागणे, रात्री अनेकदा उठावे लागणे, अधूनमधून लघवीतून रक्त जाणे, वजन घटणे, बारीक ताप अशी लक्षणे असतात. लघवीत पू पेशी असतात आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, कारण क्षयजंतूंना निराळे माध्यम आणि कित्येक आठवड्यांचा काळ लागतो. मग एका मागून एक प्रतिजैविके दिली जातात. त्यांतील काही औषधे क्षयजंतूंवरही अंशतः परिणाम करतात. थोडे बरे वाटते, पुन्हा त्रास होतो आणि निदान मात्र लांबत जाते. दरम्यान मूत्रवाहिनी आतून आक्रसते, मूत्राशय आकुंचन पावून लहान होते आणि एखादे मूत्रपिंड कायमचे जाते.

म्हणून लक्षात ठेवावे : दोनदा उपचार होऊनही पू पेशी कायम असतील आणि कल्चर निर्दोष येत असेल, तर ‘क्षयासाठी तपासणी करायची काय?’ असे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. त्यासाठी लागोपाठच्या दिवशी पहाटेची पहिली लघवी तपासतात, सोनोग्राफी करतात आणि क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी करतात. निदान झाल्यास सरकारी आरोग्य केंद्रांतून औषधे विनामूल्य मिळतात आणि सहसा सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने क्षयरोग बरा होतो. राष्ट्रीय कार्यक्रमातून क्षयरुग्णास पोषणासाठी दरमहा अर्थसाहाय्यही दिले जाते. लपवण्यासारखे यात काहीही नाही.

उपचार कोणाला हवेत, कोणाला नकोत

एकच आकडा वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळा अर्थ धारण करतो.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत कोणताही त्रास नसतानाही लघवीतील जंतूंवर उपचार करतात. दुर्लक्ष केल्यास अशा स्त्रियांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश जणींमध्ये संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत लघवी तपासणे टाळू नये.

तान्ह्या बाळाला जळजळ सांगता येत नाही. कारण न सापडणारा ताप, दूध न पिणे, उलट्या, चिडचिड एवढेच दिसते. अशा बाळाची लघवी तपासलीच पाहिजे. काही मुलांमध्ये मूत्राशयातील लघवी उलट दिशेने मूत्रपिंडाकडे चढते; वारंवार संसर्ग होऊन मूत्रपिंडावर व्रण पडतात व पुढे उच्च रक्तदाबाचा त्रास होऊ शकतो. वेळीच केलेल्या सोनोग्राफीने मूत्रसंस्थेतील दोषाचा सुगावा लागतो आणि पुढच्या तपासण्या ठरवता येतात.

मधुमेही व्यक्तीत संसर्ग लवकर बळावतो, म्हणून ताप किंवा कुशीत दुखणे असल्यास दिरंगाई नको. वृद्ध पुरुषात प्रोस्टेट वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही व साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. तेथे मूळ अडथळ्यावर उपचार करावा लागतो.

याउलट, लघवीची नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत पू पेशी जवळजवळ नेहमीच सापडतात. अनेक वृद्धांच्या लघवीतही कसलाही त्रास नसताना पेशी आणि जंतू असतात. ताप नाही, दुखणे नाही, तर केवळ अहवालातील आकडा खाली आणण्यासाठी त्यांना प्रतिजैविके देऊ नयेत, असेच वैद्यकशास्त्र सांगते. ‘औषध का दिले नाही?’ म्हणून डॉक्टरांवर रुसणाऱ्या नातेवाइकांनी हे जाणून घ्यावे. औषध न देणे हाही कधी विचारपूर्वक केलेला उपचार असतो.

अर्धवट गोळ्यांचा पूर्ण धोका

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू त्याला सरावतील. तो इशारा आज आपल्या लघवीच्या कल्चर अहवालात वाचायला मिळतो. औषधांच्या यादीत एकामागून एक नावांपुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे दाद न देणारा, असा शेरा असतो. पूर्वी साध्या गोळीने बरा होणारा संसर्ग आता कित्येकदा शिरेतून द्यावयाच्या महागड्या इंजेक्शनांपर्यंत जातो. मजुरी करणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक कर्जाचा असतो.

अनेक महत्त्वाची प्रतिजैविके आपल्या देशात २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. पाकिटावरील उभी तांबडी रेघ, हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये, याची खूण आहे. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल असे समजू नये. डॉक्टरांनी तीन दिवस सांगितले असेल तर तीन दिवस, सात सांगितले असेल तर सात दिवस औषध घ्यावे.

वसतिगृहात आणि घरात

मूत्रमार्गाच्या संसर्गाचे मूळ पुष्कळदा लघवी रोखून धरण्याच्या सवयीत असते. लघवी हे मूत्राशय धुऊन काढणारे पाणीच आहे. ते वेळेवर बाहेर पडले तर जंतूही वाहून जातात. तासन्तास साठले तर त्यांना वाढायला अवधी मिळतो. निवासी शाळेत सकाळची रांग, तुटलेली कडी, बंद पडलेला दिवा किंवा तासाला परवानगी मागण्याचा संकोच अशा लहान कारणांनी मुली दिवसभर लघवी रोखतात, आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या आपल्या मायबहिणींचीही हीच कथा आहे. त्यांच्या अहवालातील पू पेशींवर गोळी दिली जाते. पण खरे औषध दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह हेच असते. माजी विद्यार्थी आपल्या शाळेला काही देऊ इच्छित असतील, तर वसतिगृहातील एका स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही उत्तम देणगी ठरेल.

शिक्षकांनी वर्ग चालू असतानाही ‘जाऊन ये’ असे सहज म्हणावे. मुलांनी दर तीन-चार तासांनी लघवीला जावे व मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. बद्धकोष्ठतेमुळे मूत्राशयावर दाब येतो, म्हणून आहारात भाजी, फळे व ताक असावे. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा स्वच्छ कापड चार ते सहा तासांनी बदलावे आणि कापड उन्हात वाळवावे. शौचानंतर पुढून मागे धुण्याची सवय मुलींना लहानपणापासूनच लावावी. पाणी इतके प्यावे की लघवी फिकट पिवळसर राहील. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतल्यावर त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे शास्त्रीय चाचणीत दिसले आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अहवाल हाती आल्यावर

पू पेशी वाढलेल्या दिसल्या की स्वतःला चार प्रश्न विचारावेत. नमुना योग्य रीतीने दिला होता काय? जळजळ, ताप, दुखणे असा काही त्रास आहे काय? ज्याचा अहवाल आहे तो तान्हे बाळ, गर्भवती, मधुमेही यांपैकी कोणी आहे काय? आणि ही पहिलीच वेळ आहे की पूर्वीही असे आढळले होते? या चार उत्तरांसह डॉक्टरांकडे गेल्यास त्यांचे निदान सोपे होते. जुने अहवाल फेकू नयेत. तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत ठेवावेत.

थंडी वाजून ताप, कुशीत तीव्र वेदना, सतत उलट्या, लघवीत रक्त, लघवी अडणे, चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही असल्यास मात्र प्रश्न विचारत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या मागील पिढ्यांतील अनेकांना अहवाल वाचता येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितले ते ऐकायचे आणि दुकानदाराने दिले ते घ्यायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. आज आपल्या घराघरांत शिकलेली मुले-मुली आहेत. आजीच्या अहवालातील एक ओळ नीट समजून घेऊन तिला योग्य वेळी योग्य दारी नेणे हा त्या शिक्षणाचा साधा आणि रोजच्या उपयोगाचा भाग आहे.